ज्वारीच्या घरासाठी तमंचा

त्या साली वलगावात कापूस ठेवायला जागा उरली नव्हती. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलुखात गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला, एवढंच लोकांना कळलं होतं. लढाई कशावरून लागली हे कुणी विचारलं नाही. ती लवकर मिटू नये म्हणून मात्र दोघातिघांनी मारुतीला नारळ कबूल केला होता. दुसऱ्याच्या दारची होळी शेकायला कुणाला नको असते?

खुशालरावाने नारळ कबूल केला नव्हता, पण कापूसही विकला नव्हता. बाकीचे गाड्या भरभरून अमरावतीच्या बाजारात गेले आणि हसत परत आले. हा रोज संध्याकाळी ओसरीवर बसून म्हणायचा, "अजून चढन भाव. थांबा जरासे." आता थांबणाऱ्याने कापूस ठेवायचा कुठे? घरात. आधी मागची खोली भरली, मग माजघर भरलं. दोन्ही भिंतींना आढ्यापर्यंत कापूस रचला आणि मधून एका माणसाने अंग चोरून जावं एवढी बोळ राहिली. चूल बाहेर पडवीत आली. त्या बोळीच्या टोकाला, माजघरात जराशी जागा मोकळी होती, तिथे मनकर्णाबाईची बाज.

मनकर्णाबाई म्हणजे खुशालरावाची आई. मिरच्या वाळत घालताना घराच्या धाब्यावरून, मातीच्या गच्चीवरून, पडली तेव्हापासून कमरेखाली लुळी. पण जिभेला काही झालं नव्हतं. "लगीन होऊन आली तवा मले निजाले धड गोधडी नोती," ती म्हणायची. "आता पाय, माह्या लेकानं अख्ख्या घराचीच गादी करून टाकली. निजाव का पोहाव, तेच समजत नाई."

खुशालरावाची बायको कौशल्या. तिला पोटी लेकरू नव्हतं. दुसऱ्या कुठल्या घरात एवढ्या एका गोष्टीवरून सुनेच्या घशाखाली घास उतरू दिला नसता. मनकर्णाबाईने मात्र लेकाचं दुसरं लग्न करा म्हणून सुचवायला आलेल्या बायकांना दारातूनच परतवलं होतं. "जमीन काळीभोर हाय वो माय, पेरनाऱ्यालेच पेरता येत नसंन तं तिनं काय करावं?" खुशालराव त्या दिवशी जेवायला घरी आला नाही. कौशल्या तोंडात पदर कोंबून हसली होती आणि मग बराच वेळ रडली होती. तेव्हापासून या घरात ती राहिली ती सासूपायी, हे तिला स्वतःला ठाऊक होतं आणि नवऱ्यालाही ठाऊक होतं. रोज सकाळी ती म्हातारीला पाठकुळी घ्यायची, त्या बोळीतून अंगणात आणायची, कोवळ्या उन्हात बसवून न्हाऊ घालायची आणि ऊन चढलं की तशीच आत न्यायची. "माह्या घोड्याले चना घाला रे कोनी," म्हातारी पाठीवरून ओरडायची.

पैसा आला तसे चोरही आले. जवळच्याच एका गावात केशवराव म्हणून कास्तकार होता, त्याच्या घरावर दरोडा पडला. घरातले सगळे मागच्या दाराने शेतात पळाले. केशवरावाची म्हातारी मावशी तेवढी राहिली, कारण तिला दिसत नव्हतं. चोरांनी तिच्या कानातले दागिने काढले नाहीत, ओढले. म्हातारी त्यानंतर आठवडाभर जगली. ही हकिगत गावोगाव फिरली. लोक केशवरावाच्या नुकसानीबद्दल हळहळले, दागिन्यांचं वजन सांगू लागले. कौशल्येला मात्र रात्रंदिवस ती म्हातारीच दिसे. आपण पळू. पण आत्याबाई, म्हणजे सासूबाई, कशा पळणार?

म्हणून तमंचा तिनेच मागितला.

"तुमी बजाराले जाता, चार-चार रोज येत नाई," ती नवऱ्याला म्हणाली. "पुंजाराम गोठ्यात असते, त्याले हाक आयकू येऊस्तोर काय होईन अन् काय नाई. आत्याबाईले मी टाकून पळणार नाई. हातात कायतरी द्या."

पुंजाराम हा घरचा सालदार. जुना माणूस, इमानी, दुपारी चिलीम ओढून निंबाखाली झोपण्यापलीकडे त्याला दुसरा शौक नव्हता.

खुशालरावाला कल्पना पटली. एक अट मात्र त्याने घातली, कुणाला कळता कामा नये. सत्तावनच्या धामधुमीनंतर सरकारने हत्यारं गोळा केली होती आणि आता बंदूक बाळगायची तर कचेरीतून परवाना काढावा लागे. परवाना काढला की शिपायाला कळतं, शिपायाला कळलं की गावाला. आणि ज्याच्या घरात बंदूक आहे त्याच्या घरात बंदुकीने राखण्याजोगं काहीतरी आहे, हे चोराला वेगळं सांगावं लागत नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "आईलेही सांगू नको. तिच्या तोंडात तीळ भिजत नाई." मनकर्णाबाईपासून काही लपवायची कौशल्येची ती पहिलीच वेळ. तिला ते बरं वाटलं नाही, पण तिने ऐकलं.

पौषात अंबादेवीची ओटी भरायची म्हणून दोघं छकड्यात बसून अमरावतीला गेली. ओटी खरोखरच भरली. मग खुशालरावाने परकोटाच्या, शहराच्या तटाच्या, कडेकडेने एका शिकलगाराच्या दुकानाशी छकडा नेला. चंद्रभान त्याचं नाव. एलिचपूरच्या छावणीत पलटणीची हत्यारं दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली होती. आता तो अडकित्ते आणि विळ्यांना धार लावायचा आणि दिवसभर कुणी भेटेल त्याला पलटणीच्या गोष्टी सांगायचा. साहेब लोक विलायतेला जाताना जे टाकून जात किंवा पत्त्यांत हरून जात, त्यातलं काही त्याच्याकडे धान्याच्या रिकाम्या पोत्याखाली असे.

त्याने दार लोटून घेतलं. "कोनासाठी पायजे?"

"घरासाठी," खुशालराव म्हणाला.

"घर काय हातात धरन का तमंचा? तुमी धरनार का बाई?"

"मी धरीन," कौशल्या म्हणाली. चंद्रभानने तिच्याकडे पाहिलं आणि खुशालरावाला वाटलं होतं तसा तो हसला नाही. त्याने पोत्यावर तीन तमंचे मांडले.

पहिला चकमकीचा होता, जुना, मुठीवर चांदीचं काम केलेला. दिसायला राजाच्या कमरेला शोभेल असा. "हा दिवानखान्यात टांगाले," चंद्रभान म्हणाला. "जरासं सर्द झालं की ठिणगी पडत नाई. चोराले सांगा लागन, बाबा, उन्हाळ्यात ये." दुसरा टोपीचा होता, तांब्याच्या टोपीवर घोडा आपटला की उडणारा, लांब नळीचा, फौजेतला. कौशल्येने तो उचलला तेव्हा तिचं मनगट वाकलं. दोन्ही हातांनी धरला तर जमत होता, पण त्याचा घोडा ओढायला तिला मांडीचा टेका घ्यावा लागला. तिसरा अगदी लहान. साहेबांच्या मडमा प्रवासात जवळ बाळगत म्हणे. आखूड नळी, अक्रोडाच्या लाकडाची गोल मूठ. कौशल्येच्या तळव्यात तो असा बसला की कासाराने मापाची बांगडी चढवावी आणि हात मागे घेताना ती जाणवूही नये. तिला त्याची लाज वाटली आणि तो आवडलाही. पाण्याच्या माठामागे, कोनाड्यात, कुठेही मावला असता.

"थांबा बाई, हातावरून घाई करू नका," चंद्रभान म्हणाला. "पयले सांगा, घर कसं हाय?"

"मातीच्या भिंती, वर धाबं," खुशालराव म्हणाला.

"अन् घरात भरून काय ठेवलं?"

खुशालराव थांबला नाही, चाचरलाही नाही. "जवारी," तो म्हणाला. "कनग्याभर जवारी अन् आमी तीन मानसं. दुसरं काय असनार गरिबाच्या घरी?"

कौशल्येने मान वर केली. नवरा खाकरला. भिंतीलाही कान असतात, आणि हा तर बाजारातला माणूस, दिवसभर दहा लोकांशी बोलणारा. विकायचा कापूस घरात आढ्याला लागलाय हे याला सांगितलं तर ते सांजेपर्यंत परकोटाबाहेर जाईल, हे नवऱ्याच्या त्या खाकरण्यातून तिला स्पष्ट ऐकू आलं. तिने मान खाली घातली.

"मंग बेशक हाच न्या," चंद्रभान खुशीत म्हणाला. "काहून इचारलं सांगतो. आखूड नळी म्हंजे आग लय फेकते. अर्धी दारू नळीबाहेर येऊन जळते. छावनीत एका मडमेनं असाच उडवला तं पडदा पेटला. तुमच्या घरी कडबा असता, गवताचं छप्पर असतं, तं मी हा देल्लाच नसता. तो लांब नळीचा देल्ला असता अन् बाईले सांगतलं असतं, मांडीवर घोडा ओढाले शिक. पन मातीचं घर अन् जवारी! तठी आगीले खाले चोराच्या दाढीबगर काय हाय?" आणि स्वतःच्या विनोदावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग त्याने दारू भरून दाखवली, गोळी घातली आणि गोळीवर करड्या रंगाचा एक गोल तुकडा दाबून बसवला. "हा नमदा. लोकरीचा. हा जळत नाई, निस्ता करपते. गोळी घट्ट राहाले हाच लावा." त्याने असे चारपाच तुकडे एका चिंधीत बांधून दिले. महिना-दीड महिन्याने जुनी दारू काढून नवी भरा म्हणाला. आणि निघताना म्हणाला, "बाई, एक डाव शेतात जाऊन उडवून पाय. पयल्या डावाले मानूस स्वतःच भेते."

पण शेतात उडवला तर आवाज होणार आणि आवाज झाला की गावात चर्चा. त्यामुळे तो कधी उडवला गेला नाही. मागच्या खोलीच्या कोनाड्यात, कापसाच्या ढिगाआड, एका मडक्यात तो राहिला. त्याची आग केवढी असते ते त्या घरात कुणी पाहिलंच नव्हतं.

तमंचा घरात आल्यावर कौशल्येला झोप लागायला हवी होती. झालं उलटंच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं. आधी ती फक्त रात्री घाबरायची, आता दिवसाही कान टवकारून असायची. मांजर धाब्यावरून गेलं तरी तिचा हात त्या मडक्याकडे जायचा. हत्यार हे असंच असतं, ते हाताला धीर देतं आणि कानाला भीती. मनकर्णाबाईच्या ते ध्यानात आलं. "काय झालं वं तुले?" ती विचारायची. "सारखी मांगच्या खोलीत जाऊन राहिली. तठी काय भूत पुरलं का?" कौशल्या काहीतरी थाप मारायची आणि म्हातारी तिच्याकडे बघत राहायची.

होळी झाली. खुशालरावाला अकोल्याची बातमी लागली, तिकडे आगगाडी येणार म्हणून दलाल जास्त भाव देतायत. तो स्वतः जाऊन भाव बघून येणार होता. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने तमंचा काढला, जुनी दारू झाडली, नवी भरली, नळीत गोळी टाकली. नमद्याची चिंधी उघडली तर आत उंदरांच्या लेंड्या. लोकर पार कुरतडून गेली होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बाजूच्या ढिगातून चिमूटभर कापूस उपसला, सरकी काढली आणि बोळा करून नळीत दाबला.

"चंद्रभान तं म्हने नमदाच लावा," कौशल्या म्हणाली.

"नमदा आता कोठून आनू? एवढ्याशानं काय होते?" तो हसला. "कपाशीवर आपलं पोट चालते. जे पोसते ते खाते का कदी?"

तिला ते पटलं नाही, पण तिने वाद घातला नाही. अकोल्याहून आल्यावर अमरावतीला जाऊन नमदा आणू, असं ती मनात म्हणाली. दुसऱ्या दिवशी खुशालराव चांगल्या बैलजोडीची गाडी घेऊन गेला. घरी ढवळ्या राहिला, कारण जू घासून त्याचा खांदा सुजला होता. ढवळ्या कौशल्येचा लाडका. गेल्या पोळ्याला तिने हट्टाने त्याच्या शिंगांच्या टोकांना पितळी शेंब्या, म्हणजे टोपणं, बसवून घेतल्या होत्या.

चैत्रातलं ऊन. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला सगळा गाव शेतात गेला होता. पुंजाराम निंबाखाली. कौशल्या माजघरात सासूला पंख्याने वारा घालत होती, तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. खर्र. मग थांबला. मग पुन्हा खर्र, आणि मध्येच धातू दगडावर घासावा तसा किरकिर आवाज. कौशल्या ताठ झाली. केशवरावाच्या घराची मागची भिंत चोरांनी अशीच पहारीने पोखरली होती, असं लोक सांगत. मातीची भिंत पोखरायला कितीसा वेळ लागतो? ती उठली.

"कोठी चालली?" मनकर्णाबाई म्हणाली. "ढवळ्या हाय वं तो. भिंतीचा लोना चाटून राहिला. शिंग घासते मुडदा."

कौशल्येने हे ऐकलं. नीट ऐकलं. पुढे आयुष्यभर तिला ते वाक्य आठवायचं, त्यातल्या 'मुडदा' या लाडासकट. मागच्या भिंतीला खारट लोणा फुटला होता आणि गुरं ती भिंत चाटतात, हे तिलाही ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या घरात जन्मली आणि शेतकऱ्याच्या घरात दिली, तिला बैलाची जीभ ओळखू येऊ नये? एरवी आली असती. पण तिला फक्त ती धातूची किरकिर ऐकू येत होती आणि म्हातारी माणसं असंच काहीबाही बोलतात असं तिला वाटलं. मडक्यात काय आहे हे म्हातारीला माहीत असतं तर तिने ओरडून, शिव्या घालून सुनेला परत बोलावलं असतं. तिला माहीत नव्हतं. तिने डोळे मिटले.

बोळीतून अंग चोरत कौशल्या मागच्या खोलीत गेली. तमंचा हातात घेतला. मूठ मापाची होती. "कोन हाय?" ती ओरडली. आवाज थांबला. भिंतीवरून मातीचा एक पोपडा आत पडला आणि लगेच पुन्हा खर्र सुरू झालं. तिने घोडा ओढला, भिंतीच्या वरच्या बाजूला रोख धरला, म्हणजे चोराला लागू नये पण त्याने पळावं, आणि चाप दाबला.

गोळी मातीत घुसली. तिने कुणाचं काही वाईट केलं नाही. पण नळीतून हातभर ज्वाळा निघाली आणि तिच्याबरोबर तो बोळा, जळत, कापसाच्या ढिगावर जाऊन पडला. कौशल्येने तो पडताना पाहिला. ती झेपावली, मोकळ्या हाताने चिरडला. तोवर कापसावरून आग अशी पळाली की वाऱ्याने गव्हाच्या शेतावरून पळावं. दुसऱ्या हातात तमंचा होता, तो तिने टाकला आणि ती माजघराकडे धावली.

"काय फुटलं वं?" म्हातारी विचारत होती.

रोजच्यासारखी कौशल्या बाजेपाशी पाठ करून वाकली आणि मनकर्णाबाईने रोजच्यासारखे तिच्या गळ्यात हात टाकले. बोळीत धूर भरला होता. जळत्या कापसाचा धूर बघायला पांढरा आणि श्वासात विष. निम्म्या वाटेवर वरचा ढीग घसरून बोळीत आला. कौशल्या गुडघ्यांवर पडली, तशीच सरपटू लागली. म्हातारी पाठीवर खोकत होती. मग खोकला थांबला आणि तिच्या कानाशी तोंड आणून ती म्हणाली, "सोड मले. नीघ तू." कौशल्येने तिचे हात आणखी घट्ट धरले. आणि मग ते हात निसटले. दम तुटून निसटले की म्हातारीने सोडवून घेतले, हे कौशल्येला कधीच कळलं नाही. समोरून कुणीतरी तिची वेणी धरली, दंड धरला आणि तिला बाहेर ओढलं. पुंजाराम होता. तो पुन्हा आत गेला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून एकटाच परत आला.

ढवळ्या गोठ्यापलीकडे उभा राहून धुराकडे बघत होता. त्याच्या जिभेला अजून माती लागलेली होती.

खुशालराव आला तेव्हा राख सावडून झाली होती. वाटेत त्याला कुणी सांगितलं नसावं, कारण वेशीपर्यंत तो गाडीत उभा राहून खुशीत बैल हाकत आला. अकोल्याला भाव खरोखरच चढला होता. तो घरापाशी थांबला, भिंती तेवढ्या उभ्या होत्या. मग तो खाली बसला. बायका रडत जवळ आल्या, पुरुषांनी खांद्यावर हात ठेवले. कौशल्या जेव्हा एकटी सापडली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "तमंचा?"

तिने सगळं सांगितलं. ढवळ्याचं सांगितलं, आई काय म्हणाली ते सांगितलं. बोळा जळत पडला हे सांगताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याला ते लागलंच. "म्या भरला होता तो," तो म्हणाला. "म्या माह्या हातानं भरला." तो गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. कौशल्येला वाटलं, आता आपण दोघं हे उचलू. दोघांनी उचललं तर कदाचित पेलेल. तिने भाजलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. मग तो उठला, राखेत हात घालून त्याने काळा पडलेला तमंचा शोधून काढला, धोतरात लपवला आणि पेढी नदीकडे गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे कोरडे होते.

"कोनाले सांगायचं नाई," तो म्हणाला. "बिनापरवान्याचं हत्यार. घर गेलं, कपाशी गेली, आई गेली. आता मले बेडी पडाले पायजे का?"

"अन् पुंजाराम?" कौशल्येने विचारलं. कारण गावाने तोवर आग कुणी लावली ते ठरवून टाकलं होतं. चिलीम ओढणारा माणूस, कापसाचं घर आणि भर दुपार. हातच्या काकणाला आरसा कशाला? खुशालराव उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

पाराजवळ गाव जमला. पंजाबराव पाटील मध्ये बसले. पुंजाराम हातांना पानं आणि फडकी बांधून उभा होता. त्याच्यावर कुणी हात टाकला नाही, एवढी गावाची माणुसकी. पण त्याने गाव सोडावं, असं बोलणं चाललं होतं.

"तुले काई म्हनायचं का?" पाटलांनी विचारलं.

"म्या चिलीम इझवली होती," पुंजाराम म्हणाला. "असं मले वाटते. पन डोळा लागला होता माहा. बांबू फुटल्यासारका आवाज आला अन् मी उठलो. चिलीम इझवली का नाई, आता पुरतं आठवत नाई. चार मानसं म्हंतात तं माह्यानंच झालं असंन." रोज रात्री तो स्वतःला हेच विचारत होता आणि दर रात्री ती चिलीम थोडी थोडी जास्त पेटत चालली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

कौशल्या बायकांतून उठली. गावासमोर बाई बोलत नाही. ती बोलली. "पुंजारामनं काई केलं नाई. घरात तमंचा होता, अमरावतीच्या शिकलगाराकडून आनलेला. म्या उडवला. त्याच्यातला कापसाचा बोळा पेटून गंजीवर पडला. आत्याबाईले म्या जाळलं."

पाटलांनी खुशालरावाकडे पाहिलं. "तमंचा? कोठी हाय तो?"

खुशालरावाने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. कौशल्येला अजूनही आशा होती. आशेला अक्कल नसते. "कोनता तमंचा?" तो म्हणाला. "आमच्या घरी तमंचा कोठून येईन पाटील? कोनी पायला कदी? आईचं ती लय करायची. डोकं फिरलं तिचं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पाणी खरं होतं. गावाने च्-च् केलं. कुणी कधी तमंचा पाहिला नव्हता, आणि पुंजारामने ऐकलेला आवाज आगीत फुटलेल्या बांबूचाच, असं सगळ्यांनी धरलं होतं. मूठ इतकी छान झाकली होती की आता ती उघडून दाखवली तरी आत कुणाला काही दिसत नव्हतं.

"खरं हाय ते!" कौशल्या ओरडली. "चंद्रभानले इचारा! ढवळ्याच्या शेंब्या पाहा!" पण ढवळ्याच्या शेंब्यांचं नाव निघालं आणि बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पाटलांची बायको सत्यभामा पुढे आली, तिने कौशल्येला कुशीत घट्ट धरलं आणि तिच्या डोक्यावरून पदर सारखा केला. "गप माय, गप," ती म्हणाली. "असं होते मानसाचं."

तेव्हा पुंजाराम पुढे आला. त्याला मात्र ती वेडी वाटली नव्हती. त्याने तिचं बोलणं शब्दन् शब्द ऐकलं होतं आणि त्याला ते त्याच्या परीने उमगलं होतं. तो रडत होता. "मालकीन," तो म्हणाला, "माह्यासारक्या गड्याले वाचवाले तुमी सोताच्या जिवावर आळ घेऊन राहिल्या. सख्खी माय एवढं करत नाई." तो खाली वाकला. कौशल्येने पाय मागे घेण्याचा प्रयत्न केला, पण सत्यभामेने तिला धरून ठेवलं होतं. फडकी बांधलेल्या हातांनी त्याला पाय धरता येईनात, म्हणून त्याने कपाळच तिच्या पायांवर टेकलं.

"पुढच्या जल्मी तुमच्या पोटी येईन," तो म्हणाला.

मग तो उठला, पाराच्या कडेला थांबलेल्या त्याच्या बायकोने बांधून ठेवलेलं गाठोडं तिच्या डोक्यावर चढवायला खांद्याने हातभार लावला आणि वेशीकडे चालू लागला.